धोपाटण्याचा सीन

त्या क्लिपमध्ये हिरव्या लुगड्यातली जी बाई कमरेवर बादली घेऊन उभी आहे, ती मी. खोटं कशाला बोलू? नाक माझं, उभं राहायची तऱ्हा माझी, आणि कपाळावर आलेला केस फुंकरीनं उडवायची खोडही माझीच. नदीच्या खडकावर एक जाडजूड गुंड एका पोरीचा हात धरून ओढतोय, पोरगी किंचाळतेय, आणि आम्ही पाच-सात बाया माना खाली घालून उभ्या आहोत. तेवढ्यात क्लिप संपते. कुणा रिकामटेकड्यानं तिच्यावर ढिंगच्याक गाणं लावलंय आणि खाली हसून हसून रडणारी तोंडं चिकटवलीत.

पानशेतच्या रस्त्यावर माझं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. तेव्हा ते रस्त्याच्या धरणाकडच्या बाजूला होतं, आता पलीकडच्या बाजूला आहे. ते का, ते पुढं येईलच. शनिवार-रविवारी पुण्याची गर्दी येते आणि भाकरी येईपर्यंत माणसं मोबाईल बघत बसतात. माझ्याच बाकड्यावर बसून, माझाच ठेचा चाटत, लोक त्या क्लिपवर खिदळलेले मी ह्या कानांनी ऐकलेत.

हसू देत. हसण्यानं माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत. माझा राग आहे कापणाऱ्यावर. कारण त्या सीनमध्ये पुढं काय झालं ते त्या मेल्यानं काढून टाकलं आणि मला कायमची बादली धरून उभी केली.

तरीही मी सोडून दिलं असतं. पण ती क्लिप माझ्या सुनेनं बघितली.

सून वरव्याची, नसरापूरच्या अलीकडची. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आली तेव्हा जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. "काय दादा, आजून येक भाकर?" करत गिऱ्हाइकांना आग्रह करायची, पोरं जास्त भाकऱ्या खाऊन जायची. मग हळूहळू तिचं तोंड मिटलं. पुढं येईना. चुलीपाशी पाठ करून बसायची आणि वाढायला माझ्या लेकाला पाठवायची. मला वाटलं, माहेरची आठवण येत असेल, नाहीतर दिवस गेले असतील. विचारलं तर म्हणे, "काई न्हाई."

एक दिवस भांडी घासता घासता तिनं हात पुसले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"आत्या, ह्या तुमीच का?"

"मीच की! बघ, कशी बारीक होते." मी खुशीतच होते.

तिनं क्लिप संपेपर्यंत हात हलवला नाही. मग मोबाईल बंद केला आणि म्हणाली, "तुमी नुसत्या उभ्या व्हता."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी म्हणलं, "अगं, फुडचं कापलंय त्यांनी. फुडं म्या त्याला हाणला." ती म्हणाली, "बरं." म्हाताऱ्या माणसाचं कुणी ऐकून घेतं ना, तसलं ते 'बरं'. आणि पुन्हा भांड्यांना लागली.

माझ्या घरात आलेल्या पोरीला वाटत होतं की तिची सासू ही उभं राहून बघणारी बाई आहे. मेले असते तरी चाललं असतं, पण हे चालणार नव्हतं. लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना आई, कोण बघतंय एवढं." कोण बघतंय! जिनं बघायचं तिनंच बघितलं होतं.

तर आता नीट सांगते.

माझं लग्न होऊन दोन-चार वर्षं झाली होती. आम्ही वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याच्या गावात राहायचो. एका सकाळी एक टेम्पो आला आणि त्यातून सिनेमा उतरला. मोठा सिनेमा नाही हो. पोस्टरवर एक बंदूक, एक बाई आणि लाल ओघळ असायचा ना, तसला. स्मगलर, इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टरची बहीण, तिची अब्रू आणि मग सूड. शहाणीसुरती माणसं अशा पिक्चरला जाताना रुमालानं तोंड पुसत पुसत जायची, म्हणजे कुणी ओळखू नये.

त्या कंपनीकडं सगळ्याचा दुष्काळ. बूट एकच जोड. तो गुंडाला दिला, कारण क्यामेऱ्यात आधी गुंडाचे पाय येणार होते. म्हणून इन्स्पेक्टर अख्ख्या पिक्चरभर चपला घालून चोर पकडतो. रक्त म्हणजे काकवीत कालवलेलं कुंकू. मेलेल्या माणसाला मुंग्या डसायच्या आणि तो मधेच बोंबलत उठून बसायचा. डायरेक्टरच्या स्वतःच्या पायात मात्र पांढरेशुभ्र बूट, चिखलातनं उड्या मारत चालायचा.

गुंड म्हणाल तर एकदम गरीब माणूस. दिसायला रेडा, पण पोटाचा दुखणाईत. त्याला तिखट चालायचं नाही म्हणून माझी सासू त्याला मऊ भात करून पाठवायची. तो ताटली परत आणून द्यायचा, तीही स्वतः विसळून.

नदीवरच्या सीनसाठी गावातल्या बाया पाहिजे होत्या. आम्ही तेव्हा पाचवारी नेसायचो, पण त्यांनी लुगडी नेसायला लावली, गाव दिसलं पाहिजे म्हणून. आता आमच्या नदीवर धुण्याच्या जागा ठरलेल्या. वरच्या आळीच्या बायांचे खडक वर, आमच्या बौद्धवस्तीचे खाली. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. सिनेमावाल्यांना त्याचं काय! खालच्या खडकांवर ऊन नीट पडेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना वरच्या एकाच खडकावर उभं केलं. बाया चुळबुळल्या. पण शूटिंग म्हटल्यावर कोण बोलतंय?

डायरेक्टर आला. म्हणाला, "तुम्ही सगळ्या घाबरलेल्या आहात. ह्या गुंडाला सगळं गाव टरकून असतं. तो पोरीला ओढील, तुम्ही मान खाली घालायची. कुणी हलायचं नाही."

मी म्हणलं, "का म्हणून घाबरायचं? आमी इतक्या जणी, त्यो येकला."

"स्टोरी तशी आहे, ताई."

बरं, तर स्टोरी तशी. आम्ही माना घालायची तालीम केली. ती पोरगी, इन्स्पेक्टरची बहीण झालेली, साधारण माझ्याच वयाची. लांबून कुठून तरी आलेली, बरोबर आपलं असं कुणी नाही. तिनं आमच्यादेखत डायरेक्टरला विचारलं, "फक्त हात धरणार ना?" तो म्हणाला, "फक्त हात. लगेच कट."

क्यामेरा सुरू झाला. गुंडानं हात धरला, ओढलं. पोरगी छान किंचाळली. कट काही आला नाही. डायरेक्टर क्यामेऱ्याच्या मागून गुंडाला खुणा करायला लागला, पुढं हो, पुढं हो. गुंड थबकला. मग पोटासाठी माणूस काय काय करतो तसं त्यानं केलं, तिच्या पदराला हात घातला. पोरगी म्हणाली, "कट म्हणा ना." कुणी म्हणेना. ती पुन्हा म्हणाली, आणि ह्या वेळी तिचा आवाज खाली गेला.

बाई खोटं रडते तेव्हा आवाज वर चढतो. खरं रडते तेव्हा खाली जातो. नदीवर धुणं धुणारीला हे शिकवावं लागत नाही, कारण गावातल्या घराघरातलं रडणं धुण्याबरोबर नदीवरच येतं. आम्ही सगळ्या जणींनी तो आवाज ओळखला. मी बाजूच्या बायांकडं बघितलं नाही. बादली खाली ठेवली, खडकावरचं धुण्याचं धोपाटणं उचललं आणि गुंडाच्या पाठीत घातलं.

"अहो ताई! सिनेमा आहे! सिनेमा आहे!"

"तुजा आसंल," मी म्हणलं, "तिचा न्हाई." आणि दुसरा घातला.

वरच्या आळीची एक थोराड बाई होती. मी रस्त्यात समोरून आले की पदर आवरून बाजूला व्हायची, माझी सावली नको म्हणून. त्या बाईनं भिजलेली गोधडी उचलली आणि गुंडाच्या डोक्यावर फेकली. गोधडीखाली तो आंधळा झाला तशी ती माझ्याकडं बघून ओरडली, "हाण गं!" आयुष्यात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. मग काय, बाकीच्या जणी आल्याच. माना घालायची तालीम वाहून गेली.

डायरेक्टर आईमाईवरनं शिव्या देत होता, पण क्यामेरेवाल्याला 'कट' म्हणायचं त्याला सुचलंच नाही. आणि क्यामेरेवाला पक्का, सांगितल्याशिवाय थांबणार नाही. सगळं रिळावर आलं.

गुंडाला फार लागलं नाही हो. ओल्या गोधडीनं वाचवला. त्यानं आमच्या घरी येऊन सासूच्या पाया पडून सांगितलं, "चूक झाली, आई," आणि वेल्ह्यातून एसटी पकडून गेला तो गेलाच. डायरेक्टर पुष्कळ विनवण्या करत होता. आता गुंडच नाही म्हटल्यावर पिक्चर कसा पुरा करणार? तेव्हा त्या पांढऱ्या बुटवाल्यानं डोकं चालवलं. गुंड नदीवर बायांच्या हातून मेला, असं ठरवून टाकलं. इन्स्पेक्टर चपला फटफटवत येतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. त्याला पकडायला फक्त गोधडी उरते. आणि त्याच्या आधीचे गुंडाचे जे सीन राहिले होते त्यात टेम्पोच्या ड्रायव्हरला पाठमोरा उभा केला. ड्रायव्हर काटकुळा. म्हणून त्या पिक्चरमध्ये गुंड समोरून रेडा दिसतो आणि मागून शेळी.

पोरगी त्या दिवशी आमच्या घरी थांबली. सासूनं तिला दंडाला धरून आत नेलं, चहा दिला. ती वरच्या आळीची बाईही मागोमाग आली. उंबऱ्यापाशी घोटाळली. मी तिच्याकडं न बघता तिसरा कप भरला. तिनं तो घेतला आणि फुंकून फुंकून पार तळापर्यंत प्यायली. नंतर जेवढे दिवस शूटिंग चाललं तेवढे दिवस आम्ही दोघी आळीपाळीनं त्या पोरीजवळ बसून राहायचो. डायरेक्टरनं विचारलं, "तुमचं काय काम इथं?" बाई म्हणाली, "आमी घाबरलोय. येकट्या जाववंना."

पुढं तो पिक्चर भोरच्या थेटरात लागला. आम्ही बाया एसटी भरून गेलो. धोपाटण्याचा सीन आला आणि थेटरात शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. पब्लिकनं बोंब मारून मारून तो सीन पुन्हा दाखवायला लावला. माझ्या तोंडी भलत्याच बाईचा आवाज घातला होता. माझं तोंड मिटलं तरी ती आपली बोलतेच आहे, 'ही भारताची नारी आहे' का काय ते. 'तुजा आसंल, तिचा न्हाई' एवढं साधं त्यांना पुरलं नसावं.

गावातल्या एका शिकलेल्या माणसानं आमच्या ह्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "घाणेरडा पिक्चर आहे, चांगल्या घरच्या बायांनी असल्या ठिकाणी तोंड दाखवू नये." हे घरी येऊन खाली मान घालून बसले. मी म्हणलं, जा आणि त्याला सांगा, व्हय, घाण हाय. मला ठाऊक नव्हतं का ते घाण आहे? ती घाण मी हातभर अंतरावरनं बघितली होती. तो डायरेक्टर एका पोरीला फसवून तिचं रडणं विकणार होता. पण तुमचे ते स्वच्छ, कुटुंबासह बघायचे पिक्चर, त्यात काय असतं? पोरगी रडते, बाया पदरात तोंड घालतात आणि हिरो मोटरसायकलवरनं येतो. आमच्याकडं कधी आला का कुणी मोटरसायकलवरनं? आमच्या त्या भिकार पिक्चरमध्ये पोलीस उशिरा येतो आणि चपला घालून येतो. गावागावातनं लोक शिट्ट्या मारत होते त्या उगाच नाही. आपल्या ओळखीचं काहीतरी त्यांना त्या फडक्यावर दिसत होतं. अब्रूदार लोकांना ते दिसत नाही त्याला मी काय करू?

असो. पिक्चर आला आणि गेला. आमचे हेही गेले. मी लेकाला घेऊन पानशेतला आले. गावातल्या एका बड्या माणसाची रस्त्याकडची जागा मिळाली. जागा त्याची, वरचं शेड आणि खालची चूल माझी. तो दर रविवारी दुपारी यायचा, पुढच्या बाकड्यावर मालकासारखा बसायचा आणि चहा प्यायचा. पिक्चरची सीडी कधी काळी ट्रंकेत होती, ती कुणी नेली आणि परत दिली नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, सुनेनं ते 'बरं' म्हणेपर्यंत.

त्यानंतर मी भेटेल त्याला विचारायला लागले. भोरात, वेल्ह्यात, सीडीच्या जुन्या दुकानवाल्यांना. लोक पिक्चरचं नाव ऐकून दात काढायचे आणि म्हणायचे, "मावशी, आता कुठं मिळतोय." मिळायची ती फक्त क्लिप. ती मात्र मागितल्याशिवाय मिळायची.

आणि एका रविवारी पुण्याची सात-आठ पोरं-पोरी आली. काळे टी-शर्ट, पाठीवर पिशव्या. भाकरी मोडता मोडता त्यातली केस कापलेली एक मुलगी घोगरा आवाज काढून बोलायला लागली, "कायद्याचे हात लांब असतात, पण आज मला जरा उशीर झाला!" बाकीचे बाकड्यावर पडून हसायला लागले. माझ्या हातातला काथवटीतला गोळा तसाच राहिला. ते आमच्या इन्स्पेक्टरचं वाक्य होतं.

मी तरातरा बाहेर आले. "काय हसताय रं? कुणाला हसताय?"

पोरं चपापली. ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला नाही. एक जुना पिक्चर आहे. आम्ही असले पिक्चर शोधून शोधून बघतो. हा तर आम्हाला पाठ आहे. ती नदी शोधत आलोय आम्ही, तो खडक..." आणि बोलता बोलता तिची नजर माझ्या कपाळावर गेली, कारण मी केस फुंकरीनं उडवला होता. ती उठूनच उभी राहिली. "धोपाटणंवाली!"

सगळी उठली. एकजण तर पाया पडायला वाकला. मी म्हणलं, "पाया बिया काई पडू नगा. आदी सांगा, आख्खा हाय का तुमच्याकडं?"

"आख्खा म्हणजे?"

"फुडचं. म्या उठती ते."

"काकू," ती मुलगी म्हणाली, "आम्ही तेवढ्यासाठीच तर बघतो."

त्यांच्याकडं होता. कुठल्यातरी जुन्या कॅसेटीवरनं उतरवून घेतलेला. त्यांनी सांगितलं, पुण्यात त्यांचा एक कंपू आहे, असले पिक्चर पडद्यावर लावतात, लोक तुडुंब येतात, चपला आल्या की चपला वाजवतात, मागून शेळी दिसली की बें करतात. मला पुण्याला नेऊन शाल-श्रीफळ देतो म्हणाले. मी म्हणलं, शाल नको आणि नारळ माझ्याकडं पोत्यानं आहेत. इथं आणा. माझ्या हॉटेलात, ह्या भिंतीवर लावा. माझ्या सुनेला दाखवायचाय.

पुढच्या रविवारी त्यांनी आणला. जेवणं उरकल्यावर शेडच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या सोडून अंधार केला आणि भिंतीवर पांढरी चादर लावली. आमच्या गावाकडच्या बाया आल्या. ती वरच्या आळीची बाईही आली, आता कानानं पार गेलेली. येईल त्याला मोठ्यानं सांगत होती, "गोदडी माजी व्हती!" जागेवालाही आला आणि सगळ्यात पुढं बसला. चुलीपाशी सून उभी होती. बस म्हणलं तरी बसली नाही.

पुण्याची पोरं हसायला लागली तसं माझं डोकं आधी तापलं. मग बघितलं, ती हसत होती ती चपलांना, मुंग्यांना, पाठमोऱ्या ड्रायव्हरला. तिथं तर आम्हीही तेव्हा हसलो होतो. ती पोरगी पडद्यावर आली की पोरं गप्प व्हायची.

नदीचा सीन आला. गुंडानं हात धरला. जागेवाला तेवढा खो खो हसला, एकटाच. आम्ही माना घालून उभ्या. इथं ती क्लिप संपते. मी पडद्याकडं बघितलंच नाही. मी सुनेकडं बघत होते. आणि माझ्या धोपाटण्याचा पहिला आवाज आला, तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. पुण्याची पोरं उभी राहून ओरडायला लागली, बाया टाळ्या पिटायला लागल्या, म्हातारी "हाण गं!" करून किंचाळली. त्या सगळ्या गोंधळात माझी सून हमसून हमसून रडत होती, आणि तिचा आवाज खाली होता.

मी तिला शेडामागं नेलं. "कोन?" मी म्हणलं.

तिनं पुढच्या बाकड्याकडं बोट केलं. चहा देताना हात धरतो. कपाबरोबर बोटं दाबतो. एकदा शेडामागं आडवा आला आणि म्हणाला, सासूला सांगितलंस तर उद्या शेड उपटून टाकीन. कित्येक रविवार चालू होतं.

"आगं मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं तुमी जागा संबाळाल," ती म्हणाली. "मंग ती क्लिप बगितली. म्हनलं, ह्या तर अशाच उभ्या ऱ्हात्यात."

मी आत जायला वळले तर तिनं माझा दंड धरला. "आत्ता न्हाई, आत्या. ह्या टायमाला म्या बोलती. रविवारी हाक मारली की तुमी फकस्त या."

घरातलं धोपाटणं, ज्यानं मी अजून गोधड्या धोपटते, ते तिनं आणून चुलीशेजारी ठेवलं. आठवडाभर ते तिथंच होतं. लेकाला रात्री सगळं सांगितलं तेव्हा तो सरळ चप्पल घालून निघाला. त्याला आम्ही दोघींनी ओढून बसवला.

रविवार आला. भर जेवणाची गर्दी, सगळी बाकडी भरलेली. जागेवाला आला, पुढच्या बाकड्यावर जागा करून घेतली आणि म्हणाला, "चहा आणा." सून उठली. कितीतरी दिवसांनी पुढं गेली. तिनं कप धरला, त्यानं कप आणि बोटं दोन्ही धरली.

"हात सोडा," ती म्हणाली. ओरडली नाही. भाकरी हवी का विचारायची त्याच आवाजात.

तो हसला. "अगं, कप घेतोय मी."

"कप म्या सोडला." आणि खरंच सोडला. चहा त्याच्या मांडीवर सांडला, कप फुटला. "आता तुमी हात सोडा."

सगळ्या हॉटेलच्या माना वळल्या. तिनं मान वळवली नाही. नुसती म्हणाली, "आत्या, हितं या."

मी गेले. पिठाच्या हातानं धोपाटणं उचललं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. लेक दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. पलीकडच्या बाकड्यावरची एक पुण्याची बाई हातातली भाकरी तशीच धरून उठली, तिच्यामागं आणखी एक. धोपाटणं वापरायची पाळीच आली नाही. त्यानं हात सोडला, पण तोंड सोडलं. "माजलात काय? हे शेड उद्या हितं दिसणार न्हाई!"

"नगं दिसू दे," मी म्हणलं. "जागा तुजी आसंल, चूल माजी हाय. चूल उचलाया येती."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. आजूबाजूला पोरांनी मोबाईल वर धरले होते. तो त्यांच्यावर खेकसला, "ए, बंद करा ते!" आणि दोघातिघांचे हात हळूहळू खाली यायला लागले.

"खाली कशाला घेता?" मी ओरडले. "धरा वर! काढा! आणि ह्या टायमाला शेवटापतुर काढा. मदीच कापलंत तर याद राखा!"